मौनकाळ

संशयाला औषध नसतं म्हणतात. माझी उभी नोकरी विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासण्यात गेली, त्यामुळे माझं मत जरा वेगळं आहे. मेलेला माणूस मी जयसिंगपूरच्या स्टँडवर मिसळ खाताना पकडलेला आहे. त्याची बायको शेजारी बसून त्याला पाव पुढे करत होती, आणि तिने कपाळावर कुंकू मात्र लावलं नव्हतं. तेवढंच काय ते तिने दाव्याशी इमान राखलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणसं ताक फुंकून पितात. मी पाणीसुद्धा फुंकून पिते. लग्नाचं विचाराल तर दोन-तीन स्थळं आली होती, पण माझी चौकशी पूर्ण होईपर्यंत त्यांची लग्नं होऊन गेली.

निवृत्तीनंतर सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या इमारतीने मला सेक्रेटरी केलं ते याच गुणावर. समोरच्या दारात कुमुद आरवाडे आणि तिचे यजमान श्रीपालभाऊजी राहतात. भाऊजी शाळेत चित्रकला शिकवायचे. पुढे त्यांची मूत्रपिंडं गेली आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस सुरू झालं. मूलबाळ नाही. कुमुद त्यांना नेते, चार तास बाहेरच्या बाकावर बसते आणि परत आणते. माझ्या संशयी स्वभावाला तोंडावर हसणारी जगात ती एकटीच. ‘तुझ्या घरी चहा प्यायचा तर आधी ओळखपत्र दाखवावं लागतं,’ असं ती सगळ्यांसमोर म्हणायची आणि मला राग यायचा नाही.

घुम्या ताप आला त्या वर्षीची ही गोष्ट. नाव लोकांनीच ठेवलं आणि चपखल ठेवलं. पहिले तीन दिवस अंगात बारीक कसर, पाठ भरून आल्यासारखी, तोंड कडू. बाहेरच्याला कळावं असं काहीच नाही. चौथ्या दिवशी ताप बोलू लागायचा आणि थेट फुप्फुसातूनच बोलायचा.

माझा भाचा सलील कोपनहेगनला असतो. वेगवेगळ्या देशांत माणसं वेगवेगळ्या प्रमाणात का मरतात, हे शोधणाऱ्या मंडळींत तो आकडेमोड करायचा. त्याचा फोन आला की मी त्याची उलटतपासणी घ्यायचे. कुठे म्हातारे जास्त, कुठे मधुमेह जास्त, कुठे खाटा कमी, कुठे मेलेल्यांची मोजणीच धड नाही, हे सगळं त्यांनी हिशेबात घेऊन बाजूला काढलं होतं. तरी फरक उरतच होता. वय तेच, खाटा त्याच, औषध तेच असे दोन देश शेजारी शेजारी, आणि एकात मरणारे दुसऱ्याच्या चौपट. हे कशामुळे ते कोणालाच सांगता येत नव्हतं. तेवढ्यात नाक आलं.

नाक म्हणजे जिन्याच्या तोंडाशी बसवायची एक पांढरी डबी. आजारी पेशींचं काम बिघडलं की श्वासातले वायू बदलतात, आणि ताप जाणवण्याआधीच बदलतात. त्या डबीतल्या पातळ पापुद्र्याला तो बदल कळतो. प्रत्येकाच्या श्वासातलं मिश्रण थोडं निराळं असल्यामुळे एक आजारी आहे की तिघे, हेही तिला कळतं. मात्र कोण आजारी, हे सांगायला कायद्याने बंदी होती. वरच्या काचेवर फक्त आकडा उमटायचा. आमच्या इमारतीत लहानथोर सगळे तिला नाकच म्हणत.

सलीलच्या लोकांनी देशोदेशीच्या नाकांचे आकडे घेतले आणि माणसांनी आपणहून केलेल्या नोंदीशी ताडून पाहिले. नाकाला वास लागल्यापासून माणूस ‘मी आजारी आहे’ म्हणेपर्यंत जो वेळ जातो, त्याला त्यांनी मौनकाळ म्हटलं. तापावर गोळी होती आणि चांगली होती, पण ती विषाणूला वाढू देत नाही एवढंच तिचं काम. तीन दिवसांनंतर विषाणू बाजूला राहतो आणि शरीरच चवताळून स्वतःच्या फुप्फुसांवर धावून जातं, तिथे गोळी पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून जिथे मौनकाळ लांब तिथे मरण जास्त. देशांमधला उरलेला फरक बहुतेक सगळा या एका गोष्टीत सापडला.

“मावशी, आजारी पडल्यावर पगार चालू राहतो, शेजारी डबा आणून देतात, तिथे लोक पहिल्याच दिवशी सांगतात,” सलील म्हणाला. “जिथे काम जातं, दार बंद होतं, तिथे गप्प बसतात. माणूस कोणाला घाबरतो ते आम्हाला मोजता येत नाही, पण घाबरतो हे नक्की.”

मी त्याला विचारलं की सगळ्यांत कमी मौनकाळाचा देश कोणता. त्याने नाव सांगितलं. त्या देशाने नाकं बंद तर करून ठेवली नाहीत ना, असं मी म्हटलं. सलील हसला आणि आठवड्याने त्याचा निरोप आला, की मावशी, निम्मी बंदच होती.

एवढं शहाणपण हाती आल्यावर आपल्याकडे त्याचं काय झालं? मौनकाळ वाईट ना, मग त्याला शिक्षा ठेवली. नाकावर आकडा दिसला आणि तीन दिवसांत कोणी नोंद केली नाही, तर इमारतीचं फाटक चौदा दिवस बंद. नोंद केली तर त्या घरावर सरकारी ॲपमध्ये तांबडी खूण. दूधवाल्यापासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांना ती दिसायची. तपासणीचा निकालही थेट ॲपवर जायचा आणि नोंदीशिवाय दुकानात गोळी मिळायची नाही. गप्प बसायचं एकही कारण सरकारने शिल्लक ठेवायला नको होतं, त्यांनी उलट नवीन दोन दिली.

दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूला मागच्या महिन्यात खोकताना ऐकलं, तेव्हा मी नियमाप्रमाणे कळवलं होतं. त्याला महापालिकेच्या विलगीकरण कक्षात नेलं, तो बराही झाला. घरमालकाने त्याला परत घेतलं नाही, तो घरमालकाचा प्रश्न. मला तेव्हा त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

मग एका शुक्रवारी सकाळी आमच्या नाकावर एक आकडा उमटला. एक.

त्यानंतर इमारतीत जे सुरू झालं ते मला अगदी घरच्यासारखं वाटलं. सगळेच माझ्यासारखे झाले. कोणी शिंकलं की चार दारं किलकिली व्हायची. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे पाठ करून उभी राहू लागली. कोणाच्या कचऱ्यात आल्याची सालं जास्त आहेत याची चर्चा मी स्वतः ऐकली. चेअरमन अण्णासाहेब मगदुमांकडे महापालिकेने नियमाप्रमाणे एका माणसाच्या गोळ्या पाठवून दिल्या, जो नोंद करेल त्याला द्यायच्या म्हणून. त्या घ्यायला कोणी पुढे येईना.

मी माझ्या पद्धतीने विचार करू लागले. कुमुद शुक्रवारी नेहमीसारखी माझ्याबरोबर फिरायला आली नाही. शनिवारी भाऊजींना तिने ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर एकट्यांना डायलिसिसला पाठवलं, असं यापूर्वी कधी झालं नव्हतं. तिथेही दाराशी नाक आहे, हे मला माहीत होतं. संध्याकाळी तिने आमटीची वाटी माझ्या दाराशी ठेवली आणि घंटी न वाजवता ती निघून गेली. मी दार उघडलं तेव्हा तिचं दार लागत होतं. पुराव्याची कडी कडीला जुळली की मला पूर्वी एक सुख व्हायचं. त्या दिवशीही झालं, खोटं कशाला बोलू? मग हातातल्या वाटीकडे लक्ष गेलं.

सरळ जाऊन विचारावं, तर मी सेक्रेटरी. ती हो म्हणाली असती तर मला नोंद करणं भाग होतं. मी फोन केला आणि ताकाला जाऊन भांडं लपवत बसले. हवा, भाजी, भाऊजींचं पथ्य, सगळं विचारलं. पाठ दुखते का एवढंच विचारलं नाही. तिने उत्तरं नेहमीपेक्षा लवकर दिली.

रविवारी सकाळी गच्चीवर सभा झाली. माणसं ओरडायच्या बेतात होती. अण्णासाहेबांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. माणूस जतकडचा, बोलतो सावकाश. त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि गावाकडची एक रीत सांगितली.

“आमच्या गावात कुणाचा दागिना गेला की पाटील चोर हुडकत नव्हतं,” ते म्हणाले. “समद्यांनी शेणाचा एकेक गोळा करून आणायचा आन् देवळापुढं ढीग घालायचा. ज्यानं घेतलाय त्यानं आपल्या गोळ्यात दागिना घालून टाकायचा. मग ढीग फोडायचा. दागिना गावला की इषय संपला. कोण ते इचारायचं न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

आपणही तसंच करू, असं त्यांचं म्हणणं. गोळ्या एका स्टीलच्या डब्यात घालून तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत ठेवायच्या. प्रत्येक घरातल्या एकेकाने आत जाऊन दार लावायचं, थोडं थांबून बाहेर यायचं. ज्याला गरज असेल त्याने गोळ्या घ्याव्यात, बाकीच्यांनी झाकणाला हात लावायचा नाही. नोंद नाही, तांबडी खूण नाही. गोळ्या लागू पडल्या की नाकावर शून्य येईल आणि माणूसही वाचेल.

हे नियमात बसत नव्हतं. पण मी हो म्हटलं. कुमुद खाली मान घालून बसली होती, तिच्याकडे बघून म्हटलं. ती गोळ्या घेईल, मला काही कळणार नाही आणि मला काही करावं लागणार नाही, असं मनात आलं आणि इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले.

इथवर ठीक होतं. मग जायचं कसं हा प्रश्न निघाला आणि माझ्यातली सेक्रेटरी जागी झाली. गोंधळ नको, फ्लॅट नंबरप्रमाणे जाऊ, मी हातात यादी घेऊन उभी राहते, असं मी सांगितलं. अण्णासाहेब जरा घुटमळले. “ताई, गोळे समद्यांनी एकदम टाकायचे असत्यात. नंबरवारीनं न्हाई,” ते म्हणाले. साथीच्या दिवसांत सगळे एकदम कसे जाणार, असं मी त्यांना ऐकवलं. शिस्तीपुढे आमच्याकडे कोणी बोलत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

कुमुदचा फ्लॅट तीनशे एक. माझा तीनशे दोन.

रांग मुंगीच्या पावलाने सरकली. कुमुद आत गेली, तिने दार लावलं. बाहेर आली तेव्हा तिने पदराने कपाळ पुसलं आणि माझ्याकडे पाहून हसली. मग मी आत गेले. मीटरच्या खोलीत गरम वायरींचा वास येत होता आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर तो डबा होता. हात लावायचा नाही असं ठरलेलं होतं. मी झाकण उघडलं. गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं होतं, एकही कमी नव्हती.

मला झालेला आनंद सांगता यायचा नाही. आजवर इतके संशय खरे ठरले, पण हा खोटा ठरल्याचा आनंद वेगळाच होता. पुढची रांग मी अर्धवट लक्षाने उरकली. शेवटी सगळ्यांसमोर डबा उघडला तर पाकीट तसंच. मग नाकालाच सर्दी झाली असेल अशी थट्टा झाली, डबी बिघडल्याची तक्रार द्यायचं ठरलं आणि माणसं बऱ्याच दिवसांनी एकमेकांशी नीट बोलत घरी गेली.

दुपारी मी कुमुदच्या दारात उभी राहिले. तिने दार अर्धंच उघडलं, स्वयंपाकात आहे म्हणाली. मी तिथूनच तिला सगळं सांगून टाकलं. माझा तुझ्यावर संशय होता, मी तुझ्यानंतर लगेच झाकण उघडून पाहिलं, आता मन स्वच्छ झालं, असं सगळं. “मला वाटलंच होतं,” एवढंच ती म्हणाली, आणि जा आता, भाजी लागेल, असं म्हणून तिने दार लावून घेतलं.

सोमवारी सकाळी भाऊजींनी माझं दार वाजवलं. ते नुसता घराकडे हात दाखवत होते. कुमुद स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसली होती आणि प्रत्येक श्वास तिला ओढून घ्यावा लागत होता. मी तोंडाला पदर बांधला, तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि रुग्णवाहिकेला फोन केला. गाडी यायला वेळ लागला. तेवढ्या वेळात ती जे बोलली ते तुटक होतं, पण कळायला अवघड नव्हतं.

“झाकणाला हात लावला होता गं मी,” ती म्हणाली. “मग आठवलं, माझ्यानंतर तुझा नंबर.”

“घ्यायच्या होत्यास. मी काय केलं असतं?”

“नोंद केली असतीस.” तिने दम घेतला. “घरावर खूण लागली की यांना डायलिसिसला आत घेत नाहीत. चौदा दिवस. हे चौदा दिवस काढतील का?”

मी नाही केली असती, असं मला म्हणायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले आणि ते खरे आहेत की नाही हेच मला ठरवता येईना. तिने मला बरोबर ओळखलं होतं. आयुष्यभर मी माणसांवर नजर ठेवली आणि माझी सर्वांत जवळची मैत्रीण माझ्या नजरेला घाबरून गोळ्या तिथेच ठेवून आली. याचा राग मला तिचा आला, यंत्राचा आला, सलीलचाही आला. माझा यायला जरा वेळ लागला, पण आला तो गेला नाही.

इस्पितळात पत्ता विचारला तेव्हा मी माझा सांगितला. तीनशे दोन. बहीण आहे, माझ्याकडेच राहते, असं बेधडक सांगितलं. खोटे पत्ते पकडण्यात माझी हयात गेली, त्यामुळे खरा वाटेल असा कसा द्यायचा ते मला ठाऊक होतं. तांबडी खूण माझ्या घरावर लागली. डॉक्टर म्हणाले की फार उशीर झालाय, आम्ही प्रयत्न करतो.

अण्णासाहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी डब्यातल्या गोळ्या आणून माझ्या हातात ठेवल्या. मूत्रपिंडाच्या रोग्याला चालतील का ते ओळखीच्या डॉक्टरला विचारून घेऊन मी खबरदारी म्हणून भाऊजींना पहिली गोळी दिली. आमचं नाक त्या संध्याकाळी शून्य दाखवत होतं. म्हणजे ते कधी बिघडलंच नव्हतं.

मंगळवारी भाऊजींना मीच नेलं. माझ्या दारावर खूण होती, मी घराबाहेर पडायचंच नव्हतं. डायलिसिसच्या दाराशी नाक होतं. आम्ही दोघं त्याच्याखालून गेलो आणि काचेवर शून्यच राहिलं. पण नियम नाकाचा नव्हता, घराचा होता. काउंटरवरच्या मुलीने तीनशे एकवर खूण नाही हे पाहिलं आणि तरी विचारलं, घरात कोणाला ताप, पाठदुखी? नेहमी येणाऱ्या बाई कुठे आहेत?

खोटं बोलणारा उत्तर तयार ठेवून येतो आणि डोळ्याला डोळा भिडवून देतो. खरा माणूस अडखळतो, त्याला नीट आठवत नाही. हे मी कंपनीत नव्या पोरांना शिकवायचे. म्हणून मी अडखळले. पर्समध्ये चष्मा शोधला. “ताप? नाही बाई. कुमुद ना? ती तिच्या भावाकडे गेलीये, इस्लामपूरला. की आष्ट्याला हो, भाऊजी?” भाऊजी माझ्याकडे बघत राहिले, मग आष्ट्याला म्हणाले. त्या मुलीने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. ती नजर मी ओळखते. मग तिने आत जा म्हणून खूण केली.

आत सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. एक कॉलेजातली मुलगी झोपली होती, एक म्हातारे गृहस्थ मोबाइलवर भजन ऐकत होते. आपण यांच्यात काय घेऊन आलो असू, असा विचार मनात येत होता. नाकावर शून्य आहे, असं मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते. नर्सने भाऊजींच्या हातात सुया घातल्या आणि मशीन सुरू झालं.

तासाभराने फोन आला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन घेतला. इस्पितळातल्या बाईने नाव विचारून खात्री केली आणि मग सांगितलं की थोड्या वेळापूर्वी कुमुद गेली, सह्यांना यावं लागेल. मी दुपारी येते म्हटलं. आत्ताच या, असं ती म्हणाली. दुपारी येते, असं मी पुन्हा सांगितलं आणि फोन ठेवला. भाऊजींना आता कळलं तर ते सुया उपसून उठतील, इथल्यांना सगळं कळेल आणि पुढच्या खेपेला हे दार उघडणार नाही. तिने जिवावर उदार होऊन जे राखलं ते मला उरलेले तीन तास तरी राखता यायला हवं होतं. मी नळावर जाऊन तोंड धुतलं, चष्मा पुसला आणि आत गेले.

“कुमुदचा होता का?” भाऊजींनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “कंपनीचा. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा राहिलाय माझा.”

“देऊन टाका वेळेवर,” ते म्हणाले. “नाहीतर जिवंतपणीच मारतील तुम्हाला.”

मी देते म्हटलं, त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि मशीनवरचा उरलेला वेळ बघत त्यांच्या शेजारी बसून राहिले.